मैनाचं दूध कोणी तोडलं?

शिरपूरहून बोलतोय. मागे घोडी फुरफुरली तर दचकू नका, रेकॉर्डिंग तबेल्याशेजारीच चाललंय. आवाज खरखरतोय, तेही माहितीये. त्याचं कारण पुढे येईलच.

आमच्याकडे वरातीची घोडी आहे, चांदणी. गेल्या चैत्रात ती व्याली, वछेरी झाली. नाव ठेवलं मैना. आबांनी त्याच दिवशी हिशेब मांडला: मार्गशीर्षात सारंगखेड्याची यात्रा आहे, तोवर मैना आठ महिन्यांची होईल, विकून टाकू. बहिणीच्या कॉलेजची फी निघेल.

सारंगखेडा म्हणजे तापीकाठचं, शहादा तालुक्यातलं गाव. दत्तजयंतीला तिथे एकमुखी दत्ताची यात्रा आणि मोठा घोडेबाजार भरतो. परराज्यांतूनही घोडे येतात.

मला मात्र चांदणीचं आधीचं शिंगरू आठवत होतं. पाच महिन्यांचं असताना आम्ही त्याला एका दिवसात आईपासून तोडलं. तीन दिवस दोघं एकमेकांना हाका मारत होती. चांदणीची कास दगडासारखी झाली. शिंगरू वाळलं, आणि गव्हाणीचं लाकूड चावायची खोड लागली ती गेलीच नाही.

म्हणून या वेळी जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं, वाचलंही. माणसं साधारण चार ते सहा महिन्यांत शिंगराचं दूध तोडतात. घोडीवर सोडलं तर ती बहुतेक नऊ-दहा महिन्यांनी स्वतःच तोडते. घोडीचे दिवस साधारण अकरा महिन्यांचे. पुन्हा गाभण असेल तर पुढचं शिंगरू यायच्या आधी ती जुन्याला पाजणं बंद करते. चांदणी वैशाखात भरवलेली होती. म्हणजे माघापर्यंत थांबायचं होतं, बस्स.

आबांना सांगितलं तर म्हणाले, “आणि फी?” मी नवीन मोबाईलसाठी साठवलेले पैसे पुढे केले. आता कळलं ना, आवाज का खरखरतोय? आबा बराच वेळ गप्प बसले. मग आजी ओट्यावरून म्हणाली, “माय शे ती, तिले समजस.” विषय संपला.

आणि खरंच, तिला समजत होतं. मैना पहिल्या काही आठवड्यांतच आईचं बघून चारा चघळायला लागली होती. थंडीत ती दुधाला आली की चांदणी दोन पावलं पुढे सरकायची. मग कान मागे पाडायला लागली. मग मागचा पाय नुसता उचलायची, मारायची नाही. दिवसाचं पिणं कमी होत गेलं आणि माघात एका सकाळी लक्षात आलं, दोन दिवस मैना प्यायलीच नाहीये. हाका नाहीत, ओरडा नाही. दोघी शेजारी उभ्या राहून कडबा खात होत्या.

मला तेव्हा कळलं, दूध सुटणं आणि आई सुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण एकाच दिवशी दोन्ही तोडतो, म्हणून ते एवढं लागतं.

हे सगळ्यांना जमेल असं नाही. घोडीच्या बरगड्या दिसायला लागल्या तर थांबू नका, तिच्यासाठी दूध लवकर तोडावंच लागतं. पाजत्या घोडीला चंदी वाढवावी लागते, त्याला खर्च आहे. ती गाभण असून पुढच्या वेताच्या तोंडावरही पाजत राहिली तर डॉक्टरांना विचारा. नर असेल तर वर्षाच्या आसपास त्याला घोड्यांपासून नाही, घोड्यांमधल्या माद्यांपासून वेगळं बांधा. आणि लवकर तोडायचंच झालं तर हळूहळू तोडा. सोबतीला ओळखीचं जनावर ठेवा. जागा आणि खुराक त्याच दिवशी बदलू नका.

मैना पुढच्या यात्रेला विकली जाईल की नाही, अजून ठरलेलं नाही. आबा आता तो विषय काढत नाहीत. परवा तिला खरारा करताना स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होते.

तुमच्याकडे गाय, शेळी, घोडी असेल तर दूध कसं तोडता, व्हॉइस नोट पाठवून सांगा. भेटू पुढच्या भागात. राम राम!