साथीची ओळ
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषणाला उभी राहण्याची माझी ही पहिलीच वेळ. एरवी माझी जागा पेटीमागे. तेव्हा पेटीमागून जे कळते, त्याविषयीच चार शब्द सांगते.

गेल्या पावसाळ्यात लेकीकडे गेले होते. तिने मला व्हिवाल्डी या इटालियन संगीतकाराची चेलोची एक सोनाटा ऐकविली. चेलो म्हणजे व्हायोलिनचे थोरले भावंड. बसून, पायांत धरून गजाने वाजवायचे; आवाज खर्जाचा, भरदार. सोनाटेचे भाग चार : संथ, जलद, पुन्हा संथ, पुन्हा जलद. पण माझा कान पेटीवालीचा! तो पहिल्याच भागात खाली घसरला. तेथे कोणी तरी सावकाश पावले टाकीत चेलोच्या बरोबर चालले होते.

लेक म्हणाली, "आई, ही साथ. हिला कंटिन्यूओ म्हणतात." म्हणजे अखंड चालणारी. त्या काळी साथीसाठी कागदावर खर्जाची एकच ओळ लिहीत आणि तिच्याजवळ आकडे घालीत. '६' दिसला की त्या सुरापासूनचा सहावा सूर मिसळायचा. हार्पसिकॉर्ड वाजविणाऱ्याचा डावा हात लिहिलेले वाजवी, उजवा न लिहिलेले. किती भरावे, कोठे हात आखडावा, हे ज्याचे त्याने जागच्या जागी ठरवायचे. मला हसूच आले. भजनात मी तरी दुसरे काय करते?

गंमत अशी की चेलोही मुळात साथीचेच वाद्य. दुसऱ्यांचा खर्ज सांभाळण्यात त्याचे दिवस गेले. व्हिवाल्डीच्या सहा सोनाटा १७४० च्या सुमारास पॅरिसला छापल्या गेल्या, त्यांत ते पुढे येऊन गाते. पण तेव्हा त्यालाही खर्ज धरणारे कोणी लागतेच. पुष्कळदा दुसरा चेलोच तो धरतो.

हाच व्हिवाल्डी १७०३ पासून व्हेनिसच्या पिएता या अनाथाश्रमात मुलींना शिकवू लागला. त्या मुली जाळीआड बसून वाजवीत. परदेशचे प्रवासीदेखील ऐकायला येत. टाकलेल्या मुलींना आडनाव कोठले? तेथे वाद्यच आडनाव होई. त्यांतली 'व्हायोलिनची आना मारिया' आज तीनशे वर्षांनीही नावानिशी ठाऊक आहे.

घरी आल्यावर आपल्या जुन्या कार्यक्रमपत्रिका काढल्या. गाणाऱ्यांची नावे आहेत. शेवटी 'साथ : मंडळाच्या भगिनी.' पहिल्या वर्षी तबल्यावर कोण होते, हे परवा कोणालाच सांगता येईना. मी तिच्या शेजारी बसून वाजविले, पण मलाही नाव आठवेना. त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणून एवढीच विनंती. पुढच्या पत्रिकेपासून तबला, टाळ, तंबोरा धरणारीचे नाव छापावे. माझे राहिले तरी चालेल. मी आज बोलून घेतलेच आहे.

आता पेटीकडे जाते. भजनाची वेळ झाली.