वळणावर झुकणारी आगगाडी
(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी अनेकांनी मुलाला सायकलच्या मागे बसविले असेल. वळण आले की आपण आतल्या बाजूला कलतो आणि मागचे पोर घाबरून ताठ बसते. "माझ्याबरोबर झुक रे," असे त्याला ओरडून सांगावे लागते. एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, सायकल झुकते, मग आगगाडी का झुकत नाही?" मी त्याला म्हटले, झुकते बाबा, पण तिला ते शिकविताना मोठमोठ्या इंजिनियरांची फजिती झाली.

सायकल झुकली नाही तर पडते. आगगाडीचे तसे नाही. वळणावर बाहेरचा रूळ थोडा उंच ठेवलेला असतो, आणि नेहमीपेक्षा बराच अधिक वेग असला तरी गाडी उलटत नाही. त्रास होतो तो आत बसलेल्याला. गाडी वळते, पण त्याचे शरीर सरळच जाऊ पाहते. तो शेजाऱ्याच्या अंगावर कलंडतो, चहा सांडतो. रूळ आणखी उंच करावा म्हटले तर त्याच मार्गावरून सावकाश जाणारी मालगाडी आतल्या बाजूला फार कलते. तेव्हा रूळ तसाच ठेवून डबाच झुकवावा, अशी ही कल्पना. म्हणजे झुकणे हे प्रवाशाच्या सुखासाठी, आणि त्या सुखाच्या जोरावर वेग वाढविण्यासाठी.

जपानने १९६४ साली वेगवान गाड्यांसाठी नवा, सरळ मार्ग बांधला. ब्रिटिश रेल्वेला जुन्या, वळणावळणाच्या मार्गावरच वेग हवा होता. तिने एपीटी नावाची गाडी तयार केली. वळण आले की तेलाच्या दाबावर चालणारे जॅक तिचा डबा ९ अंशांपर्यंत झुकवीत. डिसेंबर १९७९ मध्ये तिने ताशी १६२ मैलांचा वेग गाठला. बाजूचा धक्का जवळजवळ पूर्ण नाहीसा करावा, असे तिचे गणित होते आणि कागदावर ते अगदी बिनचूक होते.

७ डिसेंबर १९८१ रोजी ती प्रवासी घेऊन ग्लासगोहून लंडनला निघाली. गाडीत पत्रकार होते. त्यांतील काहींना मळमळू लागले. आदल्या रात्रीच्या फुकट मद्यपानाचा हा परिणाम, अशी चेष्टाही झाली! पुढच्या दिवसांत कडाक्याच्या थंडीने यंत्रणा बिघडली, वर्तमानपत्रांनी टर उडविली आणि त्याच महिन्यात गाडी वेळापत्रकातून काढावी लागली. कित्येक वर्षांची मेहनत काही दिवसांत हास्यास्पद ठरली.

पण मळमळ खरी होती. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारे इंद्रिय आहे. धक्का पूर्ण नाहीसा झाल्यामुळे ते सांगत होते की गाडी सरळ चालली आहे. खिडकीतून डोळ्यांना मात्र क्षितिज तिरपे होताना दिसत होते. दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळेनात, आणि भोगावे लागले पोटाला. पुढे चाचण्यांत दिसून आले की डबा थोडा कमी झुकवला आणि प्रवाशाला वळणाचा किंचित धक्का लागू दिला, तर हा त्रास जातो.

जपानमध्ये दुखणे निराळे होते. तेथे १९७३ साली नागोया-नागानो मार्गावर झुकणारी गाडी सुरू झाली. तिला जॅक नव्हते. डबा रोलरांवर पाळण्यासारखा आपोआप कले, पण जरा उशिराने आणि मग एकदम. तेथेही लोकांना मळमळे. १९८९ साली शिकोकू बेटावरील गाड्यांत यावर उपाय निघाला. मार्गातील प्रत्येक वळण कोठे आहे, याची नोंद गाडीतील यंत्रात ठेवली आणि वळण येण्याआधीच डबा हळूहळू झुकू लागला. सायकलवरचे पोर बापाकडे न पाहता पुढच्या रस्त्याकडे पाहावयास शिकले म्हणा ना!

ब्रिटिश रेल्वेचे काही पेटंट-हक्क १९८२ साली इटलीच्या फियाट कंपनीने विकत घेतले. झुकणाऱ्या गाडीवर तिचे स्वतःचे काम आधीपासूनच चालू होते. तिची पेन्डोलिनो गाडी १९८८ साली रोम-मिलान मार्गावर धावू लागली. ज्या लंडन-ग्लासगो मार्गावर एपीटीचे हसे झाले होते, तेथेच २००४ पासून पेन्डोलिनो गाड्या ८ अंशांपर्यंत झुकत ताशी १२५ मैलांनी धावू लागल्या. वळणावर त्यांच्यातील पेल्यात चहा एका कडेला थोडा वर चढतो. तेवढा तो मुद्दाम चढू दिलेला असतो.