संगणक-प्रणाली सर्वांसाठी बोलकी व्हावी



महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय समाजात संगणक अभियंता नाही असे कुटुंब आज शोधावे लागते. पुण्या-मुंबईच्या कार्यालयांत लिहिलेल्या प्रणालींवर जगभरच्या बँका आणि विमा कंपन्या चालतात. या कर्तृत्वाचा अभिमान वाटणे स्वाभाविकच आहे. परंतु आपण घडविलेल्या प्रणालीसमोर एखादी दृष्टिहीन व्यक्ती येऊन बसली, तर तिला ती वापरता येईल काय, हा प्रश्न किती अभियंत्यांच्या मनात येतो? २०११ च्या जनगणनेत दृष्टीचे अपंगत्व असलेल्या नागरिकांची संख्या पन्नास लाखांहून अधिक नोंदली गेली. हा समाज लहान नव्हे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार सरकारी आस्थापनांत दिव्यांगांसाठी किमान ४ टक्के जागा राखीव आहेत. त्यातील १ टक्का जागा अंध व अल्पदृष्टी उमेदवारांसाठी आहेत. एखादी दृष्टिहीन तरुणी स्पर्धा परीक्षा देते, गुणवत्तेवर निवडली जाते आणि कामावर रुजू होते. पहिल्याच दिवशी तिच्या ध्यानात येते की, कार्यालयाची प्रणाली तिच्याशी बोलतच नाही. वेतन मिळते, पण काम मिळत नाही. ‘हिला जमत नाही’ असा शेराही मग सहज मारला जातो. वस्तुतः उणीव तिच्यात नसते, ती प्रणाली लिहिणाऱ्याच्या कामात असते.

स्क्रीन रीडर पाहत नाही, विचारतो

स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी प्रणाली. तो पडद्याकडे ‘पाहतो’ आणि वाचतो, असा सार्वत्रिक गैरसमज आहे. डॉसच्या काळात पडद्यावर केवळ अक्षरे असत. ती संगणकाच्या स्मृतीतून उचलून वाचणे सोपे होते. विंडोज आली आणि पडदा चित्रमय झाला. त्या काळचे स्क्रीन रीडर, प्रणालीने पडद्यावर काय रेखाटले याचा माग काढून अंदाज बांधत. तो अंदाज वारंवार चुके.

यावर उपाय म्हणून मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये ‘ॲक्टिव्ह ॲक्सेसिबिलिटी’ आणि पुढे ‘यूआय ऑटोमेशन’ ही व्यवस्था दिली. लिनक्स आणि मॅक यांच्याही अशा व्यवस्था आहेत. त्यांचे तत्त्व एकच : स्क्रीन रीडर पडद्यावरील प्रत्येक घटकाविषयी विचारतो, तुझे नाव काय, तुझा प्रकार कोणता, तुझी स्थिती कशी आणि तुझे मूल्य किती? प्रणालीने उत्तर दिले तर तो बोलतो. उत्तरच नसेल, तर कितीही उत्तम स्क्रीन रीडर मुका होतो.

‘एनव्हीडीए’ हा विंडोजवरील स्क्रीन रीडर मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये लिहावयास घेतला. जेम्स तेह हे त्यांचे सहकारीही दृष्टिहीनच. तो विनामूल्य आहे आणि त्याची आज्ञावली सर्वांना खुली आहे. त्यामुळे गरीब विद्यार्थ्याला तो वापरता येतो आणि अभियंत्यालाही आपली प्रणाली पैसा न खर्चता तपासता येते.

अभियंत्याचे काम ते किती?

विंडोजसोबत येणारे नेहमीचे बटण, यादी किंवा चौकट वापरली, तर बरीचशी उत्तरे आपोआप मिळतात. अडचण सुरू होते ती पुढे. बटणावर फ्लॉपीचे चित्र आहे, पण नाव दिलेले नाही. दृष्टिहीनास ऐकू येते केवळ ‘बटण’. रकान्याशेजारी ‘खाते क्रमांक’ असे लिहिलेले आहे, पण ते शब्द रकान्याशी जोडलेले नाहीत. मग कोणत्या रकान्यात काय भरावयाचे हे कळत नाही. चुकलेला रकाना केवळ तांबडा होतो आणि रंगाला तर आवाज नाही.

विंडोज फॉर्म्समध्ये ‘ॲक्सेसिबलनेम’, डब्ल्यूपीएफमध्ये ‘ऑटोमेशनप्रॉपर्टीज’, क्यूटीमध्ये ‘सेटबडी’ अशा सोयी तयारच आहेत. बहुतेक ठिकाणी काम एका ओळीचे असते. मात्र नाव ‘जतन करा’ एवढेच द्यावे. ‘जतन करा बटण’ असे दिल्यास स्क्रीन रीडर प्रकारही स्वतः सांगतो आणि ‘जतन करा बटण बटण’ असे ऐकू येते.

खरी कसोटी लागते ती अभियंत्याने स्वतः रेखाटलेल्या घटकांत. शोभिवंत तक्ता डोळ्यांना सुखावतो, पण स्क्रीन रीडरसाठी तो कोरी पाटी असतो. तेथे प्रत्येक ओळ, प्रत्येक रकाना आणि त्यात झालेला प्रत्येक बदल कळविणारी आज्ञावली वेगळी लिहावी लागते. त्याचबरोबर माउसने होणारे प्रत्येक काम कळफलकानेही झाले पाहिजे आणि टॅबची कळ दाबत जाता घटकांचा क्रम अर्थाला धरून असला पाहिजे. इमारत बांधतानाच उतार ठेवला तर तो स्वस्त पडतो, जिना फोडून बसविला तर महाग. येथेही तोच न्याय लागू आहे.

पुण्याच्या विद्यार्थ्याचा धडा

टी. व्ही. रामन हे पुण्यात वाढले. वयाच्या चौदाव्या वर्षी काचबिंदूमुळे त्यांची दृष्टी गेली. वाडिया महाविद्यालयात गणित आणि मुंबईच्या आयआयटीत संगणकशास्त्र शिकून ते अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेले. तेथे गणिताची सूत्रे बोलून दाखविणाऱ्या ‘ॲस्टर’ या प्रणालीवर त्यांनी १९९४ मध्ये डॉक्टरेट मिळविली. १९९५ मध्ये त्यांनी ‘ईमॅक्सपीक’ जगापुढे आणली. तिचा विचार साधा आणि मूलगामी आहे. पडद्यावर दिनदर्शिका असेल तर सामान्य स्क्रीन रीडर नुसते ‘१’ म्हणेल. ईमॅक्सपीक वार, तारीख, महिना आणि वर्ष सांगते. चौकटीत कोणता अंक आहे यापेक्षा त्याचा अर्थ काय, हे महत्त्वाचे. तो अर्थ प्रणाली लिहिणाऱ्यालाच सर्वांत आधी ठाऊक असतो.

मराठीच्या बाबतीत एक जुने दुखणे अद्याप सलते. युनिकोडपूर्व काळातील अनेक फाँटमध्ये अक्षरे देवनागरी दिसतात, पण आत साठविलेली असतात रोमन चिन्हे. डोळ्यांना सुबक मराठी दिसते आणि स्क्रीन रीडर मात्र निरर्थक रोमन अक्षरांचा पाढा वाचतो. अशा फाँटमधील कागदपत्रे युनिकोडमध्ये आणणे, हे दृष्टिहीन वाचकासाठी ग्रंथालयाचे कुलूप उघडण्यासारखे आहे. ‘ईस्पीक’ हा मुक्त वाचा-संश्लेषक मराठी बोलतो, पण मजकूर खरा मराठी असेल तरच.

कायदा आणि कर्तव्य

सुगम्य माहिती-तंत्रज्ञानासाठी भारतीय मानक ‘आयएस १७८०२’ उपलब्ध आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांची सुलभता ही घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीवनाच्या हक्काचाच भाग असल्याचा निर्वाळा दिला. तथापि कायदा दार ठोठावू शकतो. दार उघडावयाचे असते ते आतील माणसाने.

म्हणूनच या सभागृहातील प्रत्येक तरुण अभियंत्याने एक प्रयोग करावा. एनव्हीडीए सुरू करावा, पडदा बंद करावा, माउस बाजूला ठेवावा आणि स्वतः लिहिलेली प्रणाली अर्धा तास वापरून पाहावी. जेथे अडखळावयास होईल, ते टिपून घ्यावे. ज्या घरांत असे अभियंते आहेत, तेथील वडीलधाऱ्यांनीही त्यांना हा प्रश्न आवर्जून विचारावा. समाजाचे ऋण फेडण्यासाठी दरवेळी वेगळा वेळ आणि वेगळा निधी लागतोच असे नाही. पुष्कळदा ते आपल्या नित्याच्या कामात, न चुकता लिहिलेल्या एका ओळीनेही फिटू लागते.