मुक्या साक्षीदारांचे शास्त्र



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावणे धाडले तेव्हा मी बोनसवर किंवा कामगार-कायद्यावर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी विषय कळवला तो न्यायसहायक विज्ञानाच्या विद्यापीठीय शिक्षणाचा. ज्याला आपण सर्रास फॉरेन्सिक सायन्स म्हणतो तेच हे शास्त्र. मी स्वतः विद्यापीठाची पायरी चढलेलो नाही. जे वाचले ते पाळी सुटल्यावर, नगर वाचनालयातून पुस्तके आणून. तेव्हा या माणसाला हा विषय कोठून सुचला, असे आपणास वाटणे साहजिक आहे. त्याचे उत्तर ओघाने येईल.

खटला म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे साक्षीदार येतो. साक्षीदार म्हणजे बोलणारा माणूस. तो विसरतो, घाबरतो, कर्जात बुडालेला असेल तर फितूरही होतो. परंतु घटनेच्या जागी दुसरेही साक्षीदार असतात. त्यांना पोट नसते आणि भीतीही नसते. रक्ताचा डाग, काचेचा तुकडा, चपलेचा ठसा, कागदावरची शाई, तुटलेली तार हे ते साक्षीदार. फ्रान्समधील लियाँ शहरात १९१० साली एदमाँ लोकार यांनी पोलिसांसाठी प्रयोगशाळा काढली. त्यांच्या नावाने ओळखले जाणारे तत्त्व साधे आहे : दोन वस्तू एकमेकींना भिडल्या की एकीचे काहीतरी दुसरीवर राहते. पिठाच्या गिरणीतून आलेला माणूस ओळखायला आपल्याला पोलीस लागत नाही, तसेच हे.

मात्र हे साक्षीदार मुके आहेत. त्यांना दुभाष्या लागतो, आणि दुभाष्या शिकलेला लागतो. १८३२ साली इंग्लंडात एका तरुणावर आजोबांना सोमल घातल्याचा आरोप आला. वुलिच येथील सरकारी शस्त्रागारातील रसायनज्ञ जेम्स मार्श याने सोमल शोधून काढला. पण ज्युरीपुढे नेईपर्यंत त्याचा नमुना खराब झाला आणि आरोपी सुटला. मार्श चिडला, पण नुसता चिडून बसला नाही. १८३६ साली त्याने अशी परीक्षा बसवली की सोमलाचा अंशही चकचकीत काळ्या थराच्या रूपाने काचेवर डोळ्यांना दिसावा. प्रयोगशाळेत सिद्ध झालेली गोष्ट न्यायालयात सिद्ध करता आली पाहिजे, हा या विद्येचा पहिला धडा होय.

हे धडे विद्यापीठात रीतसर देण्यास सुरुवात झाली ती स्वित्झर्लंडमधील लोझान येथे, १९०९ साली. आर्चिबाल्ड राइस या रसायनज्ञाने तेथे संस्था काढली. आपला देशही मागे नव्हता. १८९७ साली कलकत्त्यात बोटांच्या ठशांची कचेरी निघाली. ठशांचे वर्गीकरण करण्याच्या कामात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांचा मोठा वाटा होता. पद्धत मात्र त्यांचे साहेब एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर गेली. काम कोणाचे आणि नाव कोणाचे, हा प्रश्न आम्हा कामगार-चळवळीतील माणसांच्या ओळखीचा आहे! १९५९ साली मध्य प्रदेशातील सागर विद्यापीठात या विषयाचा विभाग निघाला. आज मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय संस्था आहेत. गांधीनगरच्या विद्यापीठाला २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय दर्जा मिळाला, आणि त्याची एक शाखा गोव्यात फोंड्याला आहे.

तेथे विद्यार्थी काय शिकतो? रसायन, विषशास्त्र, रक्त व जनुके, बंदुकीची गोळी, हस्ताक्षर, ठसे, आणि आता मोबाइल व संगणक. त्याच्या जोडीला पुराव्याचा कायदा. पण मला विचाराल तर या साऱ्याहून मोठी एक गोष्ट त्याने शिकायची असते : आपल्याला कळले किती आणि कळले नाही किती, हे सांगण्याची. दोन उदाहरणे देतो, दोन्ही इंग्लंडातील.

लेस्टर विद्यापीठात अलेक जेफ्रीस यांनी १९८४ साली डीएनएवरून माणूस ओळखण्याची युक्ती शोधली. त्याच परगण्यात १९८३ आणि १९८६ साली दोन शाळकरी मुलींचे खून झाले होते. सतरा वर्षांच्या एका मुलाने दुसऱ्या खुनाचा कबुलीजबाब दिला होता. तपासणीत निघाले की दोन्ही खून एकाच माणसाचे आहेत, आणि तो माणूस हा मुलगा नव्हे. या नव्या विद्येने पहिले काम केले ते निरपराधाला सोडवण्याचे, हे लक्षात ठेवा. पुढे हजारो पुरुषांचे रक्त तपासले. खरा गुन्हेगार एका बेकरीत कामाला होता. त्याने आपल्याऐवजी सोबतच्या कामगाराला रक्त द्यायला पाठवले. तो सोबती गुत्त्यात बोलून गेला म्हणून १९८७ साली गुन्हेगार सापडला. म्हणजे यंत्राइतकेच माणसाचे कानही कामाला आले.

दुसरे उदाहरण उलट आहे. १९७४ च्या नोव्हेंबरात बर्मिंगहॅमच्या दोन गुत्त्यांत बॉम्ब फुटले, एकवीस माणसे मेली. पकडलेले सहाजण आयर्लंडहून पोटासाठी आलेले होते. ग्रीस चाचणी नावाची रसायनाची परीक्षा केली, दोघांच्या हातांवर स्फोटकांची खूण मिळाली, आणि शास्त्रज्ञाने आपली खात्री नव्याण्णव टक्के असल्याचे सांगितले. मारून घेतलेल्या कबुल्याही होत्या. १९७५ साली सहाजणांना जन्मठेप झाली. वास्तविक त्यांच्यापैकी पाचजण आगगाडीत पत्ते खेळत होते, आणि पत्त्यांवरच्या चकचकीत लेपानेही तोच रंग येऊ शकतो, हे पुढे दिसून आले. सहाजण सुटले १९९१ साली. सोळा वर्षे! नव्याण्णव टक्क्यांतून उरलेला एक टक्का केवढा असतो, हे त्यांच्या बायकामुलांना विचारावे.

आता माझ्या विषयाकडे येतो. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात क्रेनचा वायररोप तुटला आणि खाली उभा असलेला एक कामगार जागच्या जागी गेला. चौकशीत लिहिले गेले : क्रेनवाल्याने जादा वजन उचलले. आम्ही रीतसर मागणी केली की तो दोर तज्ज्ञाला दाखवा. उत्तर आले की दोर भंगारात गेला. मंडळी, दोराला बोलता येत होते. जादा ओझ्याने तुटलेल्या तारेचे टोक ओढून निमुळते होते; वर्षानुवर्षे वाकून वाकून थकलेली तार तुटते तेव्हा टोक सपाट निघते. भिंगाखाली पाच मिनिटांचे काम होते. मृताच्या विधवेला १९२३ च्या कायद्याने भरपाई मिळाली, कारण मृत्यू झाला असता कामगाराच्या हयगयीची सबब त्या कायद्यापुढे चालत नसे. पण क्रेनवाल्याची नोकरी गेली आणि त्याच्या नावावर एक मृत्यू कायमचा लिहिला गेला. तो निर्दोषच होता असे मी म्हणत नाही. तो दोषी होता असे म्हणायलाही आता कोणाजवळ आधार उरलेला नाही, एवढेच म्हणतो.

म्हणून मी या शास्त्राच्या शिक्षणाची बाजू घेऊन उभा आहे. खून आणि दरोडा एवढ्यापुरतेच ते नाही. फुटलेला बॉयलर, जळालेले गोदाम, बनावट सही करून लाटलेली जमीन, भेसळीची दारू पिऊन मेलेली वस्ती, या साऱ्यांना त्याची गरज आहे. श्रीमंताला चांगला वकील मिळतो. गरिबाच्या बाजूने पुष्कळदा ही मुकी वस्तूच काय ती उभी असते.

१ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत या शास्त्राच्या तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, असे ती सांगते. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. कायदा लिहून झाला, आता माणसे हवीत. नीट न शिकलेला माणूस तेथे गेला तर पंचनाम्याला विज्ञानाचा शिक्का बसेल आणि चूक मात्र तीच राहील. शिवाय शिकलेल्या माणसाचा कणाही ताठ राहिला पाहिजे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने २००९ साली सांगितले की प्रयोगशाळा पोलिसांच्या हुकमतीखाली असू नयेत. आपल्याकडेही या गोष्टीचा विचार व्हावयास हवा. ज्याच्या हाती बढती आणि बदली, त्याच्या मनाविरुद्ध अहवाल लिहिणे किती अवघड असते, हे नोकरी केलेल्या कोणालाही समजावून सांगायला नको.

येथे बसलेल्या पालकांना दोन शब्द. मुलगा किंवा मुलगी हा विषय घेते म्हणाली तर अडवू नका. मात्र पडद्यावरच्या चुटकीसरशी उकलणाऱ्या रहस्यांवर भुलून पाठवूही नका. सरकारी जागा थोड्या असतात आणि परीक्षेने भरतात. म्हणून रसायन, भौतिक किंवा जीवशास्त्राचा पाया पक्का असू द्या, म्हणजे दुसरी दारेही उघडी राहतील. फी भरण्यापूर्वी संस्थेत जाऊन विचारा : प्रयोगशाळेत मुलांचे हात किती तास चालतात? शिकवणाऱ्यांपैकी न्यायालयात साक्ष कोणी दिली आहे? उलटतपासणीला उभे राहण्याचा सराव देता का? या प्रश्नांना सरळ उत्तरे मिळाली नाहीत, तर इमारत कितीही देखणी असो, परत फिरा.

आणि जे शिकणार नाहीत, त्या आपणा सर्वांसाठी एकच काम आहे. अपघात झाला, गर्दी जमली, तर कोणी काही उचलू नका, धुऊ नका, आवरू नका. वस्तू जागच्या जागी राहतील एवढे पाहा, आणि त्या लाखेच्या सीलखाली, पंचांसमक्ष जातील असा आग्रह धरा. आमच्या क्रेनवाल्याच्या वेळी तेवढे झाले असते तरी पुरे होते.