खोकल्याचं औषध आणि मेंदूवरची गुंगी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



२०२५च्या सप्टेंबरात मध्य प्रदेशच्या छिंदवाडा जिल्ह्यातली, परासिया भागातली लहान मुलं एकामागून एक नागपूरच्या रुग्णालयांत दाखल होऊ लागली. आधी साधा ताप-खोकला, मग उलट्या, मग लघवी बंद, आणि शेवटी मूल हाक मारूनही डोळे उघडेनासं होई. अशी गुंगी दिसली की आपल्याकडे पहिला संशय मेंदूज्वराचा. इथेही सुरुवातीला तोच घेतला गेला. पण लघवी का थांबली, याचं उत्तर त्यात मिळेना. अखेर बोट गेलं ते खोकल्याच्या औषधाकडे. कांचीपुरम जिल्ह्यात तयार झालेल्या ‘कोल्ड्रिफ’च्या एका बॅचमध्ये तमिळनाडूच्या औषध नियंत्रण खात्याला ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल आढळलं. चालण्याजोगी मर्यादा ०.१ टक्का! वीसहून अधिक मुलं दगावली.

हे रसायन अल्कोहोलच्याच गोतावळ्यातलं. विषारी दारूतलं मिथेनॉल हा त्याचा भाऊबंद. २०१५मध्ये मुंबईत मालवणीला त्याने शंभरावर बळी घेतले होते. दोघांची खोड एकच. पोटात गेलेलं रसायन स्वतः तितकं घातक नसतं. यकृत ते नेहमीच्या इमानदारीने फोडायला घेतं आणि त्यातून जहाल आम्ल तयार होतं. म्हणूनच काही तास, कधी एखाददोन दिवस माणूस बरा वाटतो.

मिथेनॉलपासून फॉर्मिक आम्ल बनतं. ते पेशींना प्राणवायू वापरू देत नाही. दृष्टीची नस आणि मेंदूच्या खोल भागातली, हालचालींवर ताबा ठेवणारी केंद्रं आधी मरतात. वाचलेला माणूस आंधळा होतो, किंवा कंपवातासारखा ताठरतो.

डायएथिलीन ग्लायकॉल आधी मूत्रपिंड धरतं. लघवी थांबली की रक्तात आम्ल आणि टाकाऊ द्रव्यं साचतात, मेंदूवर झापड येते, झटके येतात. त्यातून जो तगला त्याचा चेहरा काही दिवसांनी लुळा पडू शकतो, हातापायांतली शक्ती जाते. २००६मध्ये पनामात असेच सिरपचे रुग्ण होते. त्यांच्या मेंदूभोवती खेळणाऱ्या द्रवातही हे आम्ल सापडलं.

यात नवं काही नाही, हेच जास्त बोचतं. १९८६मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच रसायनाची भेसळ असलेल्या ग्लिसरीनने १४ रुग्ण गेले. ते ग्लिसरीन दिलं जात होतं डोळ्यातला किंवा मेंदूतला दाब उतरवायला! न्यायमूर्ती लेंटिन यांनी त्याची चौकशी केली होती.

उपाय आहे, पण तो वेळेत हवा. फोमेपिझोल हे औषध यकृताचं ते काम अडवून धरतं. साधं इथेनॉलही तेच करतं, मात्र ते रुग्णालयातच, मोजून द्यायचं असतं. घरी कोणी दारू पाजू नये. आम्ल एकदा तयार झालं की डायलिसिसवरच भिस्त.

केंद्र सरकारने २०२५च्या ऑक्टोबरात सांगितलं आहे की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत, पाच वर्षांखालीही सहसा नकोत. तरी दिलंच असेल आणि मूल ओकू लागलं, तर शेवटची लघवी कधी झाली ते आठवा. सहा-आठ तास कोरडे गेले असतील तर सकाळची वाट पाहू नका. आणि ती बाटली फेकू नका, सोबत न्या. डॉक्टरांना तिच्यावरचा बॅच क्रमांक लागेल.