कथामुखाने संस्कार



बालकास धर्म केव्हा शिकवावा, असा प्रश्न गृहस्थाश्रमी पुष्कळदा विचारतात. मूल कथा ऐकू लागते त्याच दिवशी हे शिक्षण सुरू होते, हेच त्याचे उत्तर होय.

महिलारोप्य नगरीच्या अमरशक्ति राजाचे तिन्ही पुत्र शास्त्रविमुख होते. सहा महिन्यांत त्यांस नीतिज्ञ करण्याची प्रतिज्ञा विष्णुशर्म्याने केली, असे पंचतंत्राच्या कथामुखात सांगितले आहे. त्यासाठी त्याने सूत्रे घोकवून घेतली नाहीत. पाच तंत्रांत कथा सांगितल्या. हा ग्रंथ सहाव्या शतकात पहलवी भाषेत व आठव्या शतकात अरबीत गेला, यावरून त्याची योग्यता कळते. तथापि तो मुख्यत्वे राजनीतीचा ग्रंथ आहे, हे विसरू नये. 'मित्रभेदा'त पिंगलक सिंह व संजीवक बैल यांच्या मैत्रीत विष कालवणारा दमनक कोल्हा अखेर भरभराटीसच येतो. अशी कथा मुलास सांगून तशीच सोडून दिल्यास त्याने त्यातून काय घ्यावे? तेथे वडीलधाऱ्यांचा विवेक हवा.

गृहधर्मासाठी 'अपरीक्षितकारका'तील मुंगसाची कथा अधिक उपकारक आहे. पाणी आणून परतलेल्या ब्राह्मणीस मुंगसाचे रक्ताळलेले तोंड दिसते आणि ती भरला घडा त्याच्यावर आपटते. आत बाळ सुखरूप असते, शेजारी सर्पाचे तुकडे पडलेले असतात. ही कथा ऐकून गप्प झालेल्या मुलास निराळे तात्पर्य सांगावे लागत नाही.

आपल्या घराघरांतील चिमणी-कावळ्याची गोष्ट घ्या. शेणाचे घर वाहून गेलेला कावळा दाराशी भिजत उभा असतो आणि चिमणी, बाळाला न्हाऊ घालते, तीट लावते, अशी एकेक सबब सांगते. 'कावळ्याला थंडी वाजली असेल का?' असे एखाद्या मुलाने विचारले, तर त्यास दटावू नये. त्या प्रश्नातच आतिथ्यधर्माचा अंकुर आहे.

जर्मनीतील ग्रिम बंधूंनी १८१२ पासून प्रसिद्ध केलेल्या लोककथांतही असेच एक रत्न आहे. वृद्धाचे हात कापतात, अन्न सांडते. म्हणून मुलगा व सून त्यास कोपऱ्यात बसवून लाकडी भांड्यात जेवू घालतात. एके दिवशी चार वर्षांचा नातू लाकडाचे तुकडे जुळवताना दिसतो. तो म्हणतो, 'मी मोठा झालो की आईबाबांना जेवायला हे भांडे करतो आहे.' दोघांच्या डोळ्यांस पाणी येते आणि वृद्धास पुन्हा पंक्तीत स्थान मिळते.

या कथेत बालकास कोणी उपदेश केला नव्हता. त्याने केवळ पाहिले होते. म्हणून रात्री मुलास कथा सांगणाऱ्याने दिवसा आजोबांच्या पानाकडे लक्ष द्यावे. कथा कानांनी ऐकली जाते, संस्कार मात्र डोळ्यांनी घेतला जातो. घरोघरी या दोहोंचा मेळ पडो, हीच श्रीगुरुचरणी प्रार्थना.