घरसंसार सांभाळून वारली चित्रांचा जोडधंदा

(शेतकरी महिलांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार या भागातील अनेक घरांत आज भातशेतीच्या जोडीला वारली चित्रे काढून विकली जातात. जोडधंदा म्हटला की आपल्यासमोर कोंबड्या, शेळ्या, भाजीपाला नाही तर मोगरा येतो. चित्रांचा धंदा त्याहून वेगळा आहे. त्याला गोठा लागत नाही, विहीर लागत नाही, मोठे भांडवलही लागत नाही. त्याला लागतो हात आणि वेळ. हात तुमच्याकडे आहे. वेळ मात्र घरातल्या बाईकडे सर्वांत कमी असतो. म्हणून चित्र कसे काढावे हे मी आज सांगणार नाही. ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले येते. चित्रासाठी लागणारा वेळ घराच्या आणि शेतीच्या कामातून कसा काढावा आणि त्या वेळेचे पुरते पैसे कसे मिळवावे, एवढ्याच विषयावर मी बोलणार आहे.

ही कला मुळात बायकांची

लग्नघराच्या भिंतीवर चौक लिहिण्याचा मान सवाशिणींचा. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोक ठेचून मऊ केलेली बांबूची काडी, एवढ्या सामानावर पालघट देवीचा चौक उभा राहतो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी या भागात आले, त्यांनी कागद आणि रंग दिले आणि भिंतीवरची ही चित्रे कागदावर, पुढे कापडावर उतरली. गंजाड गावचे जिव्या सोमा म्हसे यांनी या कलेला देशात आणि परदेशात मान मिळवून दिला. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 2018 साली ते वारले. 2014 साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळाले.

हे सर्व अभिमानाचे आहे. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. लग्नाचा चौक लिहिताना घरात माणसे जमलेली असतात. स्वयंपाकाला, पाण्याला, पोरे सांभाळायला हात पुष्कळ असतात. आज मागणीचे चित्र काढणारी बाई मात्र घरात एकटी असते. तिला पाणी आणायचे असते, सरपण फोडायचे असते, भाकऱ्या भाजायच्या असतात आणि उरलेल्या वेळात चित्र पुरे करायचे असते. कला घरातून बाजारात गेली, पण बाईच्या कामाची वाटणी तशीच राहिली. अडचण नेमकी येथे आहे.

शेतीच्या हंगामाशी सांगड घाला

आपले वर्ष भाताभोवती फिरते. पावसाआधी राब भाजणे, जूनमध्ये रोपे टाकणे, जुलैमध्ये आवणी, पुढे बेणणी आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी व झोडणी. चित्रांना सर्वांत जास्त मागणी येते ती दिवाळीच्या सुमारास, म्हणजे भात कापणीला आलेले असते तेव्हाच. शेतात पीक उभे आणि घरात व्यापाऱ्याचा निरोप, अशा ओढाताणीत दोन्ही कामे बिघडतात. कापणी लांबली तर दाणे गळतात आणि घाईने काढलेल्या चित्रातली रेघ थरथरते.

यावर उपाय एकच. दिवाळीला विकायची चित्रे उन्हाळ्यातच काढून ठेवावी. डिसेंबर ते मे हा चित्रांचा खरा हंगाम समजावा. मोठे, सलग बसून करायचे काम या काळात उरकावे. आवणीच्या महिन्यात चित्राला हातच लावू नये. बेणणी झाल्यावर थोडी उसंत मिळते, तेव्हा भेटकार्डे आणि वीतभर मापाची लहान चित्रे करावी. ती मधेच सोडून उठता येतात.

तयार चित्रे पावसाळ्यात जपणे महत्त्वाचे आहे. ओल धरली की कागदावर आणि कापडावर बुरशी येते आणि तांदळाच्या पिठाच्या रंगाला कीड लागते. चित्र पूर्ण वाळल्याशिवाय गुंडाळू नये. दोन चित्रांच्या मध्ये कोरा कागद घालावा. पत्र्याच्या पेटीत, जमिनीपासून उंचावर आणि चुलीच्या धुरापासून दूर ठेवावे. दर पंधरा दिवसांनी उघडीप पाहून चित्रे बाहेर काढावी व सावलीत हवा द्यावी.

दिवसातले तीन तास

दिवसभर जमेल तेव्हा थोडे थोडे काढू, असे म्हणून चित्र होत नाही. चौकाची चौकट, तारप्याचा फेर यांची आखणी करताना मन एका जागी लागते. दर दहा मिनिटांनी उठावे लागले तर फेर वाकडा होतो. म्हणून दिवसातले तीन तास ठरवून घ्यावे. दुपारचे जेवण आटोपल्यावर एक ते चार ही वेळ सोयीची. उजेड चांगला असतो आणि लहान मूल निजते. रात्री मंद दिव्याखाली बारीक काम करू नये, डोळ्यांना त्रास होतो. जमिनीवर वाकून बसण्यापेक्षा उताराची फळी घ्यावी. अर्ध्या तासाने पाठ सरळ करावी.

आता बंधूंना सांगतो. हे तीन तास आपोआप मिळणार नाहीत, ते घरातल्या इतरांनी काढून द्यायचे आहेत. संध्याकाळचे पाणी आणि सरपण पुरुषांनी आणावे. कापडाला गेरू देणे, ते ताणून वाळवणे, कागद कापणे, चित्रे गुंडाळून बांधणे ही कामेही पुरुष सहज करू शकतात. सासूबाईंनी त्या वेळेत नातवंडाकडे पाहावे. घरात पैसा येतो तो सर्वांच्या पोटात जातो, तेव्हा कामही सर्वांनी वाटून घ्यावे.

मुलांबाबत एक सूचना आहे. मुलांनी ही कला शिकावी, आईशेजारी बसून काडी हातात धरावी. पण मागणी पुरी करण्यासाठी मुलीला शाळेतून घरी ठेवू नये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी याच डहाणू तालुक्यात, कोसबाडच्या टेकडीवर, पाड्यांवरील मुलांसाठी अंगणवाडी चालवली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा नेली. मुलांना कामामुळे शिक्षण सोडावे लागू नये, हाच त्यामागचा हेतू होता. त्याच भूमीत चित्रांच्या धंद्यासाठी शाळा बुडवणे शोभणारे नाही. लहान मूल अंगणवाडीत जाते तेव्हा त्याला शिक्षण व आहार मिळतो आणि आईला मोकळा वेळ मिळतो. त्या वेळेचा उपयोग करावा.

किमतीचा हिशेब

भाताचा हिशेब आपण बियाणे, खत, मजुरी धरून करतो. चित्राचा हिशेब करताना मात्र रंग आणि कापड एवढेच धरतो. घरच्या बाईची मजुरी कोणी मोजत नाही. एक नमुना पाहू. यातले आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, तुम्ही आपल्या भागातील दर घालावे.

समजा, दोन फूट बाय तीन फूट कापडावर चित्र काढले. कापड, गेरू, रंग यांना 250 रुपये लागले. पार्श्वभूमी, आखणी व चित्र मिळून 24 तास गेले. आठ तासांचा एक रोज धरला तर हे तीन रोज झाले. 450 रुपये रोजाप्रमाणे मजुरी 1350 रुपये. पुठ्ठ्याची नळी व बांधणी 100 रुपये. एकूण 1700 रुपये. प्रदर्शनात नेऊन विकायचे असेल तर प्रवास, राहणे, गाळा यांचा वाटा म्हणून 200 रुपये धरा, म्हणजे 1900 रुपये. यात नफा अजून धरलेला नाही.

आता व्यापारी घरी येऊन त्याच चित्राचे 1000 रुपये देतो. हातात एकदम हजार येतात म्हणून बरे वाटते. पण 250 आणि 100 वजा जाता 650 रुपये उरतात. तीन रोजांनी भागले तर दिवसाला सुमारे 217 रुपये पडले. म्हणजे शेतमजुरीच्या निम्म्यानेही नाही. दहा चित्रे एकदम घेणाऱ्याला सवलत जरूर द्यावी, पण ती वाचलेल्या प्रवासखर्चातून आणि नफ्यातून द्यावी. मजुरीतून देऊ नये.

मागणी किती घ्यावी

याच हिशेबातून दुसरी गोष्ट कळते. रोज तीन तास काम केले तर 24 तासांच्या चित्राला आठ दिवस लागतात. दहा चित्रांना 80 दिवस लागतील. कोणी पंधरा दिवसांत दहा चित्रे मागितली आणि आपण हो म्हटले, तर उरलेले तास कोठून येणार? ते रात्रीच्या झोपेतून, मुलांच्या जेवणातून आणि शेतातल्या कामातून येतात. म्हणून हो म्हणण्यापूर्वी दिवस मोजावे. काम जास्त असेल तर जावा-जावांनी किंवा शेजारणींनी मिळून घ्यावे आणि ज्याचे चित्र त्याला पैसे असा चोख व्यवहार ठेवावा. तेही जमत नसेल तर सरळ नाही म्हणावे. वेळेत न दिलेल्या मालापेक्षा आधी दिलेला नकार बरा.

डिसेंबर ते मे या सहा महिन्यांत लग्नकार्य, बाजार, आजारपण यांसाठी महिन्यातले पाचेक दिवस सोडून दिले तरी सुमारे 150 दिवस मिळतात. एवढ्या काळात अशी 18 चित्रे होतात. त्यांची नुसती मजुरीच वरच्या दराने 24,300 रुपये होते. त्यावर सगळे घर चालणार नाही, हे खरे. पण पावसाळ्यापूर्वी हातात असलेली ही रक्कम बियाण्याला, शाळेच्या खर्चाला, दवाखान्याला उपयोगी पडते. भात घरात आल्यावर वीटभट्टीची उचल घेऊन सगळे कुटुंब बाहेर पडते, तेव्हा मुलांची शाळा सुटते. ती उचल घेण्याची वेळ एखाद्या घरावर जरी आली नाही, तरी या धंद्याचे सार्थक झाले.

मागणीसाठी एक वही ठेवावी. कोणी मागितले, माप काय, विषय काय, किंमत किती, आगाऊ किती मिळाले आणि कोणत्या तारखेला द्यायचे हे लिहावे. निदान अर्धी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय कापड कापू नये. मोबाइलवर ठरलेला भावही वहीत उतरवावा. आणि चित्राच्या तीन तासांत मोबाइल दूर ठेवावा. गिऱ्हाइकाला संध्याकाळी उत्तर दिले तरी चालते.

विक्री, नाव आणि खाते

एकट्या बाईला प्रदर्शनासाठी आठवडाभर घर सोडणे कठीण. बचत गट असेल तर दोघी-तिघींनी सर्वांची चित्रे घेऊन जावे आणि पुढच्या वेळी दुसऱ्या दोघींची पाळी लावावी. जाणाऱ्यांच्या घरची कामे मागे राहणाऱ्यांनी पाहावी. उमेद अभियानाचे महालक्ष्मी सरस प्रदर्शन मुंबईत भरते, त्याची माहिती तालुक्याच्या उमेद कक्षात मिळते. केंद्र सरकारच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांच्या कार्यालयाकडून मिळणारे कारागीर ओळखपत्रही काढून ठेवावे. ते बाईच्या नावाने काढावे.

नावाचा मुद्दा मुद्दाम सांगतो. पुष्कळ घरांत चित्र बाई काढते आणि खाली नाव दुसऱ्याचे पडते, कारण विकायला तो गेलेला असतो. चित्रावर काढणाऱ्याचेच नाव असावे. दोघांनी काढले असेल तर दोघांचे असावे. पैसे बाईच्या बँक खात्यात जमा व्हावे. नाव असले की पुढचे गिऱ्हाईक तिला शोधत येते. खाते असले की गरजेच्या वेळी कर्जासाठी तिच्या व्यवहाराचा पुरावा मिळतो.

येथे काही भगिनी गोधड्या शिवणाऱ्या, काही बांबूच्या टोपल्या विणणाऱ्या आहेत. त्यांनाही हाच हिशेब लागू आहे. सामान वेगळे, तास तेच.

तेव्हा घरी गेल्यावर एवढेच करा. आज काढायला घेतलेल्या चित्राच्या मागे, बसताना आणि उठताना, पेन्सिलीने वेळ लिहा. चित्र पुरे झाले की तास मोजा आणि तो आकडा घरातल्या सर्वांना मोठ्याने वाचून दाखवा. किंमत किती सांगायची आणि कामे कशी वाटायची, हे त्या आकड्यावरून घरातच ठरेल.